पंपांची मोजदाद झाली, तंत्रज्ञांचे काय?

यंत्र बसविणे आणि बसविलेले यंत्र चालते ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या सार्वजनिक योजनांच्या ध्यानी नेहमीच उशिरा येते. पहिल्या कामाला उद्घाटन असते, उद्दिष्ट असते, आकडा असतो. दुसऱ्याला यांपैकी काहीच नसते. शेतीसाठी सौर पंप देण्याच्या कार्यक्रमाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आली, २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप, शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के आणि उरलेला भार शासनाचा, अशी ही व्यवस्था आहे. बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात आणि इंदापूर तालुक्यातील डाळिंब-पेरूच्या बागांत रात्रीच्या विजेची वाट पाहत बसण्यापेक्षा दिवसा उन्हावर चालणारा पंप शेतकऱ्याला हवासा वाटला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न पंप बंद पडल्यानंतरचा आहे. कुसुम योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरवठादार कंपनीने पाच वर्षे देखभाल करावयाची असते, जिल्ह्यात किमान एक सेवा केंद्र ठेवावयाचे असते आणि स्थानिक भाषेत तक्रार घेणारा दूरध्वनी चालवावयाचा असतो. जिल्ह्याला एक केंद्र! पुणे जिल्ह्याचे एक टोक जुन्नरच्या डोंगरात आणि दुसरे इंदूरच्या नव्हे, इंदापूरच्या उजनी जलाशयाकाठी आहे, हे नकाशा पाहणाऱ्याला दिसते. परंतु मुख्य उणीव अंतराची नाही. या अटीत केंद्र मोजले आहे; त्या केंद्रात माणसे किती असावीत, हे मोजलेले नाही. पाटी लावलेली एक खोली, एक टेबल आणि तक्रार लिहून घेणारा एक तरुण एवढ्यानेही अट पुरी होऊ शकते.

मग माणसे किती हवीत? व्यवहारी माणूस याचे उत्तर भागाकाराने देतो. महिन्याला तक्रारी किती येतात ते पाहावे, एक तंत्रज्ञ महिन्याला किती निकालात काढतो ते पाहावे आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागावे. हिशेब सरळ दिसतो, म्हणूनच तो फसवा आहे. समजा, एका कंपनीचे इंदापूर तालुक्यात इतके पंप आहेत की, दहा दिवसांत सरासरी अठरा तक्रारी येतात. तिचा एक तंत्रज्ञ मोटारसायकलीवरून फिरतो आणि येण्याजाण्याचा वेळ धरून दिवसाला सरासरी दोन पंप दुरुस्त करतो, म्हणजे दहा दिवसांत वीस. तक्रारी अठरा, क्षमता वीस. कंपनीचा व्यवस्थापक म्हणेल की एक माणूस पुरून उरतो. शाळेतल्या गणिताप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबरही आहे.

परंतु तक्रारी रोज दीड-दोन अशा शिस्तीत येत नाहीत. सोमवारी एकही येत नाही, मंगळवारी एक येते, गुरुवारी एकदम पाच येतात. एखादी दुरुस्ती सैल झालेली वायर आवळून दहा मिनिटांत संपते, तर दुसरीसाठी बोअरमधून मोटार वर काढावी लागते आणि दिवस जातो. सोमवारचा रिकामा वेळ शिल्लक टाकून गुरुवारी वापरता येत नाही, गुरुवारचे साचलेले काम मात्र शुक्रवार-शनिवारच्या डोक्यावर बसते. प्रतीक्षेच्या रांगांचे जे गणित आहे त्यात हा अनियमितपणा धरला, तर वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याला तंत्रज्ञ आपल्या पंपाला हात लावीपर्यंत सरासरी साडेचार कामाचे दिवस थांबावे लागेल, असे उत्तर येते. ही सरासरी झाली. ज्याचे नशीब वाईट, त्याला याच्या दुप्पट-तिप्पटही थांबावे लागेल. आता त्याच तालुक्यात दुसरा तंत्रज्ञ नेमला तर काय होईल? भागाकार करणारा म्हणेल, प्रतीक्षा निम्म्यावर येईल. वस्तुतः ती साडेचार दिवसांवरून, आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर, सुमारे एका तासावर येते.

इतका फरक कशाने पडतो? पहिल्या व्यवस्थेत तंत्रज्ञाचा नव्वद टक्के वेळ कामात गुंतलेला आहे, दुसरीत पंचेचाळीस टक्के. क्षमता आणि काम जसजसे एकमेकांना भिडू लागतात तसतशी रांग नुसती वाढत नाही, ती उसळते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणिती एरलांग याने १९०९ पासून या विषयाचा पाया घातला. टेलिफोनच्या किती तारा ठेवल्या म्हणजे बोलू इच्छिणाऱ्याची अडवणूक होणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुढे १९४० च्या दशकात स्वीडनमधील पाल्म याने हेच गणित यंत्रे आणि ती सांभाळणारा माणूस यांना लावले. एका माणसाकडे किती यंत्रे सोपवावीत, हा प्रश्न मराठी कामगाराला मात्र गणितज्ञांच्या आधीच भेटला होता. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ च्या प्रदीर्घ संपामागे जी कारणे होती त्यांत एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत हा मालकांचा आग्रह हे एक मोठे कारण होते. सुताचा धागा तुटून एक माग थांबला असता दुसरा थांबतो, तिसरा थांबतो आणि विणकर एकच असतो, हे त्या विणकरांना कुणी सूत्र मांडून शिकवावे लागले नाही.

अर्थात, पंचेचाळीस टक्के वेळच काम करणारा नोकर ठेवणे कोणत्या कंपनीच्या हिशेबात बसेल, हा आक्षेप येणारच आणि तो टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर याच दोन तालुक्यांत उभे आहे. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती कारखाना घ्या. गाळप हंगामात तिन्ही पाळ्यांना फिटर, वेल्डर आणि विद्युत विभागाची माणसे हजर असतात. गाळप सुरळीत चालू असेल त्या रात्री यांतील पुष्कळांना फारसे काम नसते. म्हणून कोणी कार्यकारी संचालक त्यांची संख्या निम्मी करीत नाही. मिल दोन तास थांबली, तर गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, उतारा घसरतो आणि तो तोटा कारखान्याच्याच ताळेबंदात उमटतो. फिटरचा रिकामा वेळ तेथे आळस समजला जात नाही. तो विम्याचा हप्ता समजला जातो. दुरुस्तीचा खर्च आणि थांबण्याचा तोटा या दोन्ही गोष्टी एकाच खिशातून जात असल्या, की तंत्रज्ञांची संख्या आपोआप शहाणपणाने ठरते.

सौर पंपाच्या बाबतीत हे दोन खिसे वेगळे झाले आहेत. तंत्रज्ञाचा पगार कंपनी देते. थांबण्याचा तोटा शेतकरी सोसतो. डाळिंबाची फळे फुगत असताना आठ दिवस पाणी तुटले, तर जे फळ तडकते किंवा गळते, त्याची नोंद कंपनीच्या कोणत्याही वहीत होत नाही. तिला दिसतो तो फक्त झाडाखाली मोटारसायकल लावून बसलेला, त्या घटकेला काम नसलेला आपला माणूस. त्यातच पाच वर्षांची देखभाल पंपाच्या किमतीत धरलेली आहे. म्हणजे पैसा ठरला तो पंप बसतानाच. त्यानंतर प्रत्येक वाचविलेला पगार हा नफा. अशा स्थितीत एखाद्या कंपनीने कमी माणसे ठेवली, तर ती कंपनी दुष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. तिला जे करावयास सांगितले आहे आणि ज्याचा मोबदला दिला आहे, तेच ती करते आहे. कमीत कमी दराची निविदा भरणाऱ्याने तालुक्याला दोन तंत्रज्ञांचा पगार दरात धरला असता तर त्याचा दर चढला असता आणि एक तंत्रज्ञ धरणारा पुढे गेला असता, हेही विसरता येत नाही.

विजेच्या बाबतीत निदान एक मोजमाप तरी आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने कृतीची मानके घालून दिली आहेत आणि त्यांत ग्रामीण भागातील नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून वीजपुरवठा पूर्ववत करावा, असे ठरविले. मुदत टळल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूदही केली. ‘डीपी जळाली’ की पुढे काय काय घडते हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे आणि नियम व व्यवहार यांतील अंतरही ठाऊक आहे. तरीही नियमाचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्यात माणसे किंवा कार्यालये मोजलेली नाहीत, ग्राहकाचा थांबण्याचा काळ मोजलेला आहे. काळ ठरला म्हणजे त्यावरून माणसांची संख्या उलट्या दिशेने काढता येते. तंत्रज्ञ किती, हा मुळात पहिला प्रश्नच नाही. पंप बंद पडलेल्या शेतकऱ्याने किती दिवस थांबणे आपण रास्त समजतो, हा पहिला प्रश्न आहे आणि तो कंपनीच्या व्यवस्थापकाने एकट्याने सोडवावयाचा नाही.

हा काळ सर्व ऋतूंत एकच असून चालणार नाही, ही गोष्ट इकडच्या शेतीकडे पाहिले तर उघड होते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बरा असेल तर पंप चार दिवस बंद राहिला तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात तेच चार दिवस पिकाचा निकाल लावतात. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले, की लाभक्षेत्रातील विहिरींना पाणी येते आणि सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी चालू लागतात. सर्वांत जास्त वापर, म्हणून सर्वांत जास्त बिघाड, आणि तोही नेमका सर्वांत जास्त गरजेच्या दिवसांत. त्यानंतर वळवाचा पाऊस येतो. वादळाचा एक फटका बसला की एका पट्ट्यातील अनेक पंपांच्या प्लेटा एकाच संध्याकाळी उचकटल्या जातात. वर जे गणित मांडले त्यात प्रत्येक बिघाड दुसऱ्यापासून स्वतंत्र असतो, असे गृहीत धरलेले आहे. वादळ हे गृहीत पाळत नाही. साडेचार दिवसांचा हिशेबसुद्धा अशा आठवड्यात सौम्य ठरतो. त्या दिवसांसाठी कायम माणसे ठेवणे परवडणार नाही हे खरे. पण शेजारच्या जिल्ह्यातून माणसे आणण्याची तजवीज आणि विम्याच्या पंचनाम्यासाठी न अडणारी दुरुस्ती एवढे तरी आधी ठरवून ठेवता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट एका जुन्या अनुभवात आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात आणि देशात खडकात बोअर घेऊन त्यांवर हातपंप बसविण्याचा मोठा कार्यक्रम झाला. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. त्यांवर सगळे गाव तुटून पडले. १९७४ च्या सुमारास युनिसेफच्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. तेव्हाही पहिली सूचना अधिक मेकॅनिक नेमण्याची होती आणि काही राज्यांत गाव, तालुका आणि जिल्हा अशी तीन पायऱ्यांची देखभाल व्यवस्था उभीही राहिली. परंतु खरा बदल पंपाच्या घडणीने झाला. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत दणकट पोलादी पंप तयार होत होते. त्यांपैकी सोलापूरच्या पंपाच्या आधारे पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला आणि तो देशभर प्रमाण ठरला. तो वारंवार बिघडत नसे, आणि बिघडला तर त्याचा सुटा भाग कोणत्याही कारखान्याचा चालत असे. तरी त्याची एक खोड होती. खालचा भाग बदलण्यासाठी सगळे पाइप वर ओढावे लागत, त्यासाठी गाडी, अवजारे आणि चार-पाच माणसांचे पथक लागे. ‘मार्क तीन’मध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येऊ लागला आणि जे काम पथकाचे होते ते गावातल्या शिकविलेल्या माणसाच्या आवाक्यात आले. तंत्रज्ञ किती लागतील, याचा अर्धा निर्णय असा रेखाटनाच्या फळीवरच होऊन जातो.

सौर पंपांच्या बाबतीत आज याच्या उलट स्थिती आहे. शेतकऱ्याला यादीतील कंपन्यांमधून आपली कंपनी निवडण्याचा अधिकार दिलेला आहे. हा अधिकार चांगलाच आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की एकाच शिवारात दहा पंप असले तर ते चार-पाच कंपन्यांचे असू शकतात. प्रत्येकीचा कंट्रोलर निराळा, त्याची जोडणी निराळी, तक्रारीचा क्रमांक निराळा. एका कंपनीचा माणूस बांधावरून जात असतो आणि शेजारच्या बंद पंपाकडे पाहूनही त्याला हात लावू शकत नाही, कारण तो दुसऱ्या कंपनीचा. आणि ज्याचा आहे, त्या कंपनीचा माणूस पन्नास किलोमीटरवर. पुष्कळदा बिघाड कंट्रोलरमध्ये असतो. तो जागेवर दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. म्हणून पहिली खेप बिघाड पाहण्यासाठी, दुसरी नवा कंट्रोलर बसविण्यासाठी. आणि मधले दिवस सुटा भाग कोठल्या तरी गोदामातून येण्याची वाट पाहण्यात जातात. ज्याच्या पिशवीत सुटा भाग नाही, असा तंत्रज्ञ नेमला काय आणि न नेमला काय, शेतकऱ्याच्या दृष्टीने सारखेच.

येथे गणित पुन्हा मदतीला येते, आणि या वेळी कंपन्यांच्या सोयीचे उत्तर देते. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दहा दिवसांत प्रत्येकी अठरा तक्रारी येतात असे धरू. दोन्हीकडे स्वतंत्रपणे दोन-दोन, म्हणजे एकूण चार तंत्रज्ञ ठेवले तर प्रतीक्षा तासाभराची. त्याऐवजी दोन्ही तालुक्यांचे काम एकत्र करून तिघेच ठेवले, तर प्रतीक्षा तासाहून थोडी अधिक. फरक जेमतेम दहा-बारा मिनिटांचा. एकीकडे गर्दी असताना दुसरीकडचा मोकळा माणूस धावून येतो, हे त्याचे कारण. यात प्रवास वाढतो, हे कबूल केले पाहिजे. बारामतीहून इंदापूर पन्नासएक किलोमीटर, आणि मोरगावच्या बाजूचा माणूस पळसदेवला पाठवायचा म्हटले तर निम्मा दिवस रस्त्यावरच. त्यामुळे एका तंत्रज्ञाच्या हातून पाच दिवसांत दहाऐवजी आठच दुरुस्त्या झाल्या, असे धरले तरी प्रतीक्षा अर्ध्या दिवसाच्या आसपास राहते. एकेकट्या माणसाच्या साडेचार दिवसांपुढे हे पुष्कळच बरे. जे दोन तालुक्यांना लागू, तेच पाच कंपन्यांना लागू. प्रत्येक कंपनीने तालुक्यात एकेक अपुरा माणूस ठेवण्याऐवजी सर्वांनी मिळून सामायिक पथक ठेवले, नेहमीचे बिघाड त्याने पाहिले आणि कंट्रोलर तेवढा ज्याचा त्याने पुरविला, तर कमी पगारांत अधिक काम होईल. पंचायत समितीच्या पातळीवरचे हातपंप दुरुस्ती पथक ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अडचण एवढीच, की हातपंप एका जातीचा होता. कंट्रोलरच्या जोडण्या आणि पंपाच्या जागेवरील सांधे समान असावेत, ही अट पंप विकत घेणारे शासन घालू शकते. देशातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक असूनही गिऱ्हाइकाचा हक्क न बजावणे ही आपल्या शासनाची जुनी सवय आहे.

या सगळ्यासाठी माहिती लागेल, आणि ती नाही असेही म्हणता येत नाही. या पंपांना दूरस्थ देखरेखीची उपकरणे जोडण्याची अट आहे. पंप कोणत्या दिवशी चालला, किती चालला, याची नोंद त्यांतून होते. नुसत्या त्या नोंदीवरून बिघाड ठरणार नाही, कारण पाण्याची गरज नसली म्हणजेही पंप बंद असतो. परंतु तक्रारीची तारीख आणि त्यानंतर पंप पुन्हा चालू झाल्याची तारीख एकमेकींशेजारी ठेवली, तर प्रत्येक कंपनीमागे, प्रत्येक तालुक्यामागे शेतकरी किती दिवस थांबला, हे कोणत्याही कारकुनाला मांडता येईल. मग शेतकऱ्याला कंपनी निवडण्याचा जो अधिकार दिला आहे, त्याला काही अर्थ येईल. आज तो पंपाचा रंग आणि विक्रेत्याचे बोलणे पाहून निवड करतो. देखभालीची रक्कम सुरुवातीलाच किमतीत न धरता तिचा काही भाग दरवर्षी, पंप चालू राहिलेल्या दिवसांप्रमाणे दिला, तर शेतकऱ्याचे थांबणे कंपनीच्या खिशाला प्रथमच जाणवेल. तेव्हा ती स्वतःच दुसरा तंत्रज्ञ नेमील. त्याला महिन्याचा पगार द्यावा, की तक्रारीमागे पैसे द्यावेत, हा मात्र सावधपणे पाहण्याचा प्रश्न आहे. तक्रारीमागे पैसे दिले, तर रिकाम्या वेळेचा भार कंपनीकडून निघून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या अंगावर पडतो. आणि दुरुस्ती टिकाऊ न करण्यातच त्याचे हित निर्माण होते.

२०१९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बसलेल्या पंपांची पाच वर्षांची मुदत एकामागून एक सरत आहे. तेथून पुढे कंपनीचे बंधन नाही आणि पंपाचे आयुष्य तर पुष्कळ उरलेले आहे. जळालेली विजेची मोटार भरून देणारी दुकाने बारामतीत, भिगवणला, इंदापूरला, अगदी लहान बाजारगावांतही आहेत. त्यांतील मिस्त्री तांब्याची तार आणि बेअरिंग डोळे मिटून ओळखतात. सौर पंपाचा कंट्रोलर उघडून त्यात काय बिघडले आहे हे शोधण्याची सोय त्यांना कोणी करून दिलेली नाही. त्याचा आराखडा आणि सुटे भाग या दुकानांपर्यंत पोचविण्याची अट पुढच्या खरेदीच्या करारात घालता येईल. मुदत सरलेल्या पंपांसाठी कंपन्यांशी वेगळी बोलणी करावी लागतील, आणि ती पुढच्या उन्हाळ्याच्या आत व्हावयास हवीत.